परग्रहांवरील जीवसृष्टीचा शोध व आमचीं मुलें

निरभ्र रात्रीं गच्चीवर निजलेलें मूल आकाशाकडे बोट दाखवून “तिकडे कोणी राहतें काय?” असा प्रश्न विचारतें, तेव्हां त्यास मिळणारें उत्तर बहुधा दोहोंपैकीं एक असतें. एक तर “गप्प नीज, उद्यां शाळा आहे” असें म्हणून त्याचें तोंड बंद करण्यांत येतें. नाहीं तर मोबाइलवर आलेली एखादी उडत्या तबकडीची वार्ता त्यास सत्य म्हणून सांगण्यांत येते. पहिल्या उत्तरानें जिज्ञासा मरते, दुसऱ्यानें ती आंधळी होते. वस्तुतः ह्या प्रश्नास तिसरें एक उत्तर आहे. तें असें कीं, “अद्याप ठाऊक नाहीं; परंतु तें कसें शोधावें हें मनुष्यास आतां कळूं लागलें आहे.” हें तिसरें उत्तर देण्यास शिकणें व शिकविणें हें शाळेचें आणि घराचें कर्तव्य आहे, व पाण्यासाठीं तळमळणाऱ्या आमच्या मराठवाड्यास तर त्यावांचून गत्यंतर नाहीं, असें आमचें मत आहे. तें कां, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा विचार आहे.

आकाशांतील तारे हे आपल्या सूर्यासारखेच सूर्य आहेत, हें मनुष्यास कळून कित्येक वर्षें लोटलीं. परंतु त्या सूर्यांभोंवतीं ग्रह फिरतात कीं नाहीं, ह्याविषयीं पुरावा मिळण्यास विसावें शतक संपत यावें लागलें. १९९२ सालीं एका मृत ताऱ्याभोंवतीं ग्रह असल्याचें प्रथम निश्चित झालें. पुढें १९९५ सालीं मिशेल मायोर व दिदिए केलोझ ह्या दोघां स्विस ज्योतिर्विदांनीं ५१ पेगासी ह्या, आपल्या सूर्याशीं पुष्कळ साम्य असलेल्या ताऱ्याभोंवतीं फिरणारा ग्रह शोधून काढला. हा तारा आपणांपासून सुमारें पन्नास प्रकाशवर्षें दूर आहे. त्याचा ग्रह अवघ्या सव्वाचार दिवसांत एक प्रदक्षिणा पुरी करितो, म्हणजे तेथील वर्ष आपल्या आठवड्याहूनही लहान! ह्या शोधाबद्दल त्या दोघांस २०१९ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यानंतर तीस वर्षें भरण्यापूर्वींच, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरांत, अशा निश्चित ठरलेल्या बाह्यग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली.

हे ग्रह दुर्बिणींतून चांदण्यांसारखे लुकलुकत दिसतात, अशी कोणाची समजूत असल्यास ती बरोबर नव्हे. थोडे अपवाद सोडले तर ते कोणीं पाहिलेले नाहींत. ते मोजमापानें सिद्ध झालेले आहेत. दूरच्या गॅसबत्तीसमोरून एखादा किडा गेला, तर तो किडा आपणांस दिसत नाहीं. परंतु बत्तीचा उजेड क्षणभर किंचित् मंदावला, हें सूक्ष्म यंत्रास कळूं शकतें. तद्वत् ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातांना ताऱ्याचें तेज कणभर उणें होतें. गुरूएवढा ग्रह सूर्यासमोरून गेल्यास तेजाचा सुमारें शंभरावा भाग झांकला जाईल. पृथ्वीएवढा गेल्यास बारा हजारांत एक भाग. अमेरिकेच्या केप्लर नामक अवकाशांतील दुर्बिणीनें २००९ पासून २०१८ पर्यंत अशी सूक्ष्म घट मोजली व त्या मोजणींतून अडीच हजारांहून अधिक ग्रह हातीं आले. दुसरी रीति ओढीची आहे. तारा ग्रहास ओढतो, तसा ग्रहही ताऱ्यास ओढतो, व त्या ओढीनें तारा किंचित् डोलतो. पृथ्वीच्या ओढीनें सूर्याच्या डोलण्याचा वेग सेकंदास केवळ नऊ सेंटिमीटर, म्हणजे रांगत्या मुलाच्या चालीहूनही मंद असतो. ह्या रीतीनें आमच्या देशांतही काम झालें आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीं अबूच्या पहाडावरील दुर्बिणीच्या साहाय्यानें पृथ्वीच्या सुमारें सत्तावीस पट वस्तुमानाचा एक ग्रह निश्चित केल्याचें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें.

ह्या संबंधांत एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघास शंभर वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां प्रत्येक देशास एक तारा व त्याचा एक ग्रह ह्यांस नांव देण्याचा मान देण्यांत आला. भारताच्या वांट्यास आलेल्या ताऱ्यास ‘बिभा’ हें नांव मिळालें. तें विश्वकिरणांच्या अभ्यासांत आयुष्य वेंचणाऱ्या, व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत काम केलेल्या बिभा चौधुरी ह्या विदुषीच्या स्मरणार्थ होय. त्याच्या ग्रहास ‘संतमस’ हें नांव मिळालें. आणि तें सुचविणारा कोणी पंडित नसून पुण्यांतील एका शाळेंतला तेरा वर्षांचा विद्यार्थी होता! त्या ग्रहाचें वातावरण मेघाच्छादित असावें ह्या तर्कास अनुसरून हें नांव घेतलें आहे. अमरकोशांत ‘संतमस’ म्हणजे सर्व बाजूंनीं पसरलेला अंधार. तारा एका स्त्रीच्या नांवाचा, व ग्रह एका मुलानें नांव ठेवलेला. “हीं मोठ्या लोकांचीं कामें, आपणांस काय त्याचें?” असें म्हणणाऱ्यांस ह्याहून चांगलें उत्तर आम्हांस सुचत नाहीं.

ग्रह सांपडणें ही एक गोष्ट, व त्यावर जीव सांपडणें ही अगदीं निराळी. तेथें जाऊन पाहावें म्हटलें, तर सूर्यानंतरचा आपणांस सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा हाच सव्वाचार प्रकाशवर्षें दूर आहे, व एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारें साडेनऊ लाख कोटि किलोमीटर. १९७७ सालीं निघालेलें व्हॉयेजर हें यान सेकंदास सतरा किलोमीटर वेगानें धांवत आहे. त्याचें तोंड प्रॉक्झिमाकडे असतें, तरी तेथें पोहोंचण्यास त्यास पंचाहत्तर हजार वर्षें लागलीं असतीं. सबब जाण्याची गोष्ट सोडून, तिकडून येणाऱ्या प्रकाशासच प्रश्न विचारणें भाग आहे. सुदैवानें प्रकाश हा मोठा प्रामाणिक साक्षीदार आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं आमच्या देशांतून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निमित्तानें सूर्याच्या ज्वालांचा प्रकाश लोलकानें पृथक् करून पाहण्यांत आला. त्यांतील एक अनोळखी पिवळी रेषा हीच हेलियम ह्या मूलद्रव्याची पहिली ओळख. तो वायु पृथ्वीवर १८९५ सालीं हातीं लागला. म्हणजे आधीं सूर्यावर सांपडला व मग घरीं! त्याच न्यायानें, ग्रह ताऱ्यासमोरून जातांना ताऱ्याचा जो प्रकाश ग्रहाच्या वातावरणांतून गाळून येतो, त्यांत त्या वातावरणांतील वायूंच्या खुणा उमटलेल्या असतात.

ह्या खुणांपैकीं कोणत्या जीवसृष्टीच्या मानाव्या? आमच्या पृथ्वीवर प्राणवायूचा सांठा वनस्पतींनीं निर्माण केला आहे. मिथेन, म्हणजे गोबरगॅसच्या टाकींतून निघून चुलींत जळणारा वायु, हा दलदलींतील व गुरांच्या पोटांतील सूक्ष्म जंतु पुष्कळ प्रमाणांत तयार करितात. हे दोन वायु एकत्र फार काळ नांदत नाहींत. एक दुसऱ्यास संपवितो. सबब एखाद्या ग्रहावर दोन्ही एकत्र व विपुल आढळले, तर कोणी तरी ते सतत पुरवीत आहे असें मानण्यास बळकट आधार मिळेल. परंतु एकट्यादुकट्या वायूवरून निर्णय देणें धोक्याचें, कारण ज्वालामुखी, खडक व ऊन हींही पुष्कळ वायु निर्माण करूं शकतात.

ह्या धोक्याचें ताजें उदाहरण के२-१८ बी ह्या ग्रहाचें आहे. हा सिंह राशींतील १२४ प्रकाशवर्षें दूरचा ग्रह पृथ्वीच्या अडीच पटींहून किंचित् अधिक रुंद आहे. २५ डिसेंबर २०२१ रोजीं अवकाशांत गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या साहाय्यानें त्याच्या वातावरणांत मिथेन व कर्बद्विप्राणिल वायु असल्याचें २०२३ सालीं केंब्रिज विद्यापीठांतील निक्कू मधुसूदन ह्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलें. २०२५ च्या एप्रिलांत त्यांनीं आणखी एक वार्ता दिली. ती अशी कीं, आमच्या समुद्रांत सूक्ष्म वनस्पतींपासून उत्पन्न होणाऱ्या एका गंधकयुक्त वायूच्या खुणा तेथें आढळतात. वृत्तपत्रांनीं लगेच “परग्रहावर जीवसृष्टि” असे मथळे दिले. परंतु स्वतः त्या शास्त्रज्ञांनींच सांगितलें होतें कीं, ही खूण केवळ योगायोगानें दिसण्याचा संभव हजारांत तीन इतका उरतो, व शोध ‘लागला’ म्हणण्यास विज्ञानांत ह्याहून पुष्कळ कडक कसोटी लागते. इतर शास्त्रज्ञांनीं तींच मापें फिरून तपासलीं व पुरावा अपुरा ठरविला. शिवाय तोच वायु एका निर्जीव धूमकेतूवरही आढळलेला आहे. आतां पाहा, ह्यांत कोणाचा पराजय झाला? आमच्या मतें कोणाचाही नाहीं. एकानें मांडलें, दहांनीं तपासलें, व प्रश्न खुला राहिला. फजिती झाली ती केवळ मथळ्यांची.

अशा संयमाचें उदाहरण शोधण्यासाठीं केंब्रिजपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आमच्या महाराष्ट्रांतच एक उत्तम उदाहरण घडलें आहे. कोल्हापुरीं जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर, ज्यांचें २० मे २०२५ रोजीं पुण्यास निधन झालें, त्यांचे गुरु फ्रेड हॉइल ह्यांचें असें मत होतें कीं, जीवनाचीं बीजें अंतराळांतून पृथ्वीवर आलीं असावीं. गुरूंचें मत आहे म्हणून तें खरें मानावें, अथवा विलक्षण आहे म्हणून हंसून सोडून द्यावें, हे दोन्ही मार्ग नारळीकरांनीं टाळले. त्यांनीं तपासणी करविली. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या साहाय्यानें २००१ सालीं व पुन्हां २० एप्रिल २००५ रोजीं हैदराबादेहून प्रचंड बलून सोडण्यांत आले. दुसऱ्या खेपेस ४५९ किलोग्रॅम वजनाची सामग्री वर चढविण्यांत आली. तींत द्रवरूप निऑनमध्यें बुडविलेलीं पोलादी नळकांडीं होतीं. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरील विरळ हवा त्यांत गोठवून खालीं आणण्यांत आली, व तिची तपासणी हैदराबादेंत व पुण्यांत स्वतंत्रपणें झाली. एकूण बारा प्रकारच्या जंतूंच्या व सहा प्रकारच्या बुरशीच्या वसाहती वाढल्या. त्यांपैकीं तीन जंतु पृथ्वीवर पूर्वीं कोणासही ठाऊक नव्हते. २००९ सालीं हा निष्कर्ष जाहीर झाला. एका जंतूस हॉइल ह्यांचें, दुसऱ्यास अवकाश संशोधन संस्थेचें व तिसऱ्यास प्राचीन ज्योतिषी आर्यभट ह्यांचें नांव देण्यांत आलें.

अशा प्रसंगीं “परग्रहावरील जीव सांपडले!” अशी दवंडी पिटण्याचा मोह किती अनावर असेल, ह्याची कल्पना करावी. परंतु ह्या तीन जंतूंचें मूळ पृथ्वीबाहेर आहे, असें ह्यावरून निर्णायकपणें सिद्ध होत नाहीं, अशी स्पष्ट कबुली त्या जाहीर निवेदनांतच दिलेली होती. तीन नवे जंतु मिळाले, ते प्रखर अतिनील किरणांस दाद देत नाहींत, पुढील तपास व्हावा, एवढेंच. ज्यास आपल्या गुरूचें मत सिद्ध व्हावें असें वाटत असणारच, त्यानेंच “अद्याप सिद्ध नाहीं” हें जगास सांगावें, ह्यांत जें नीतिबळ आहे तें आमच्या मुलांपुढें ठेवण्यासारखें आहे.

जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण हें दुसरें उदाहरण. डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पकतेनें उभारलेल्या तेथील तीस तबकड्या प्रत्येकीं पंचेचाळीस मीटर व्यासाच्या आहेत, व त्या सुमारें पंचवीस किलोमीटर टापूंत पसरल्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं यूरोपचें स्किआपरेली हें यान मंगळावर उतरत असतां त्याचा क्षीण संदेश साडेसतरा कोटि किलोमीटरांवरून खोडदला ऐकूं आला. उतरण्यापूर्वीं थोडा वेळ तो अकस्मात् तुटला, व यान आदळून नष्ट झाल्याचें पुढें कळलें. ह्याच दुर्बिणीनें एका दूरच्या ताऱ्याभोंवतीं फिरणाऱ्या गुरूसारख्या ग्रहाकडून कांहीं रेडिओ लहरी येतात काय, हेंही कान देऊन पाहिलें. असा ध्वनि मिळाला असता, तर त्या ग्रहास चुंबकीय कवच आहे कीं काय हें समजलें असतें. कांहींच ऐकूं आलें नाहीं. आणि “कांहीं ऐकूं आलें नाहीं” हेंच २००९ सालीं प्रामाणिकपणें छापून प्रसिद्ध करण्यांत आलें. रिकाम्या हातानें परत येऊन तसें सांगणें, हा सुद्धां विज्ञानांत एक निष्कर्षच गणला जातो.

आणखी जवळ यावयाचें तर बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार आहे. अशनीच्या आघातानें काळ्या दगडांत पडलेल्या त्या सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या खळग्यांतील पाणी इतकें खारट व क्षारयुक्त आहे कीं, तें आपण तोंडांत घेऊं शकणार नाहीं. तरी त्यांत सूक्ष्म जीव सुखानें नांदतात. २०२० च्या जूनमध्यें तें सरोवर गुलाबी झालें, तें अशाच मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळें, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत झालेल्या तपासणींत आढळलें. मंगळावरील खडकही बहुतांशीं ह्याच काळ्या जातीचे असल्यामुळें तेथील आघातविवरें समजून घेण्यासाठीं जगांतील शास्त्रज्ञ लोणारास येतात. जीवन किती अडचणींत तग धरतें, हें पाहण्यास आम्हांस फार दूर जावयास नको.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. कित्येक पालकांच्या मनांत येईल कीं, “घरांत घागर रिकामी, आणि मास्तर परग्रहांवरचें पाणी शोधीत बसले आहेत!” हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून आगगाडीनें पाण्याच्या दहा वाघिणी लातुरास आल्या. त्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें, व पुढेंही कित्येक आठवडे त्या गाड्या येत राहिल्या. ज्या प्रांतानें तो उन्हाळा काढला, त्यास पाण्याची किंमत कोणीं शिकवावयास नको. आपण विष्णुपुरीच्या जलाशयाच्या कांठीं राहणारे त्या मानानें भाग्यवान् आहों. तथापि कमी पावसाच्या वर्षीं त्या जलाशयाच्या पातळीकडे सारें नांदेड डोळे लावून बसतें, हें आपण जाणतोंच.

परंतु लातूरचें पाणी कोणीं प्यालें, ह्याचा शांतपणें विचार करावा. तें दुर्बिणीनें प्यालें नाहीं. पाऊस थोडा झाला, मांजरा धरण कोरडें पडलें, विंधनविहिरी खोल खोल गेल्या, फार पाणी लागणारें पीक कमी पावसाच्या मुलखांत पसरलें. आणि जमिनीखालीं किती उरलें आहे हें न मोजतां जो तो उपसत राहिला. म्हणजे मोजण्याची संवय कमी पडली, हें त्या संकटाचें एक मोठें कारण होय. ताऱ्याचें तेज बारा हजारांत एक भागानें उणें झालें तें ओळखणारी बुद्धि, व विहिरीची पातळी वीतभर उतरली ती वेळींच टिपून ठेवणारी बुद्धि, ह्या दोन बुद्धि नव्हेत, एकच होय. ह्याचें प्रत्यक्ष प्रमाणही आहे. २००२ सालीं एकामागें एक फिरणारे दोन उपग्रह सोडण्यांत आले. त्यांच्यामधील अंतरांत पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून खालच्या भूमीचें गुरुत्वाकर्षण व त्यावरून भूगर्भांतील पाण्याची घट मोजतां येते. पंजाब, हरियाणा व राजस्थान ह्या प्रांतांखालचें पाणी किती झपाट्यानें संपत आहे, हें त्या मापांवरून २००९ सालीं जगापुढें आलें. २०१८ सालीं त्या उपग्रहांची दुसरी जोडी गेली, ती हें अंतर लेसर किरणांनींही मोजते. आणि लेसर किरणांनीं अंतराचा अतिसूक्ष्म फरक मोजणें हेंच तत्त्व आमच्या शेजारीं औंढा नागनाथ येथें होऊं घातलेल्या लायगो प्रकल्पाचें आहे. आकाशासाठीं घांसून तीक्ष्ण केलेलें हत्यार विहिरीच्याही उपयोगीं पडतें, तें असें.

लायगोचें नांव निघालें म्हणून सांगतों. विश्वांत दूरवर घडणाऱ्या प्रचंड उलथापालथींनीं उठणाऱ्या गुरुत्वलहरी टिपण्याचें हें यंत्र आहे. जीवसृष्टीच्या शोधाशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध नाहीं. परंतु चार चार किलोमीटर लांबीचे दोन बाहु असलेल्या ह्या वेधशाळेस २०२३ च्या एप्रिलांत केंद्र सरकारनें सुमारें २,६०० कोटि रुपयांची मंजुरी दिली आहे. ही रक्कम थोडी नव्हे, व तिचा हिशेब मागण्याचा अधिकार प्रजेस आहे. पण त्याहून मोठा एक हिशेब आम्हांस आपल्याच घरीं मांडावयाचा आहे. ज्या हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव नामदेवांची जन्मभूमि म्हणून ओळखलें जातें, त्याच जिल्ह्यांत जगांतील शास्त्रज्ञ येऊन बसतील, तेव्हां आमचीं मुलें तेथें कोण म्हणून जाणार? केवळ भिंती बांधण्यास व फाटकावर पहारा करण्यास? हीं कामें हलकीं आहेत असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु यंत्रासमोरची खुर्ची आमच्या लेकरांसाठीं नाहींच, असें आपण आधींच ठरवून ठेवलें आहे कीं काय, हा प्रश्न आहे.

आणि येथें थोडें कटु बोलणें प्राप्त आहे. परीक्षेच्या तयारीबद्दल ‘लातूर पॅटर्न’ सर्व महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे, व नांदेडही त्यांत मागें नाहीं. तेथील परिश्रम, नियमितपणा व शिक्षकांची कळकळ ह्यांची आम्हांस कदर आहे. गरिबांचीं कित्येक मुलें त्या मार्गानें डॉक्टर झालीं आहेत. परंतु रात्रंदिवस चार पर्यायांतून एक निवडण्याचाच अभ्यास करणाऱ्या मुलास हळूहळू असें वाटूं लागतें कीं, जगांतील प्रत्येक प्रश्नाचें उत्तर कोणीं तरी आधींच ठरवून त्या चारांत लपवून ठेवलें आहे. “अद्याप ठाऊक नाहीं, शोधूं या” असा पांचवा पर्याय त्या कागदावर नसतो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो, व कोरें सोडल्यास कांहीं जात नाहीं. एवढाच काय तो अज्ञानाच्या प्रामाणिक कबुलीचा तेथें मान! जन्मभर केवळ तयार उत्तरें निवडणारा मनुष्य चांगला नोकर होईल. परंतु दुष्काळावर, रोगावर अथवा आकाशावर नवा विचार करणारा मनुष्य त्याच्यांतून निर्माण होणें कठीण. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलांस परीक्षा अवश्य देऊं द्या; पण ज्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं दिलेलें नाहीं, असा निदान एक प्रश्न त्यांच्याजवळ राहूं द्या.

धर्मश्रद्धेस ह्या शोधानें बाध येईल काय, अशीही शंका कोणी काढतात. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती आहे. त्यास असें भय वाटत नाहीं. रोम येथें १६०० सालीं जोर्दानो ब्रूनो ह्यास जाळण्यांत आलें; त्याच्यावरील अनेक आरोपांत अनंत जगें आहेत असें मानणें हाही एक होता, व तें कृत्य लांच्छनास्पद होय, ह्यांत संशय नाहीं. परंतु त्याच्याही तीन शतकें आधीं, १२७७ सालीं, पॅरिसच्या बिशपांनीं ‘आदिकारणास एकाहून अधिक जगें निर्माण करतां येणार नाहींत’ असें शिकविण्यास मनाई केली होती, हेंही इतिहासांत नमूद आहे. निर्मात्याच्या सामर्थ्यास माणसानें मर्यादा घालूं नये, हा त्यांतील भाव. आमच्या हिंदु बंधूंच्या मुखीं ‘अनंतकोटि ब्रह्मांडनायक’ हे शब्द नित्य असतात. तेव्हां सृष्टि आपल्या अंगणाहून मोठी निघाली, म्हणून कोणाही श्रद्धावंतानें घाबरण्याचें कारण नाहीं. मात्र आपापल्या ग्रंथांत हें सर्व पूर्वींच सांगितलें आहे, असें म्हणून मोजमापाचे कष्ट टाळणें, हा आळस होय. त्यास भक्ति म्हणूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आजपासून करतां येण्याजोग्या दोन गोष्टी सांगतों. एक, तारे ओळखण्यास शिका. मृगांतील काक्षी नामक लाल तारा आज किती तेजस्वी आहे, तो शेजारच्या ताऱ्यांशीं ताडून वहींत तारखेसह लिहा, कारण त्याचें तेज खरोखरच बदलतें. राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदला शाळकरी मुलांसाठीं प्रदर्शन भरत आलें आहे. साधल्यास तें पाहा. दुसरी, आपल्या गांवच्या एका विहिरीची पातळी दर शनिवारीं दोरीनें मोजून त्याच वहींत दुसऱ्या पानावर लिहा. मोठ्या माणसांस बरोबर घेतल्यावांचून मात्र विहिरीजवळ जाऊं नका. वर्षअखेर दोन्ही पानें शिक्षकांस दाखवा. आणि मुलींनो, हें काम भावाचें म्हणून बाजूस राहूं नका. आकाशांत एका ताऱ्यास बिभाचें नांव आहे, हें विसरूं नका.

दूरच्या ग्रहांवर जीव आहे कीं नाहीं, हें आमच्या हयातींत कळेल, असें आम्ही सांगूं शकत नाहीं. सहा हजारांवर ग्रह तपासूनही जीव नांदत असल्याचें निश्चित ठाऊक असलेलें स्थळ आजमितीस एकच आहे, व त्यावरून गोदावरी वाहते. दुसरें सांपडलें तर तो दिवस मोठा आनंदाचा असेल; न सांपडलें, तर हें एक किती जपावें लागेल, तें सांगावयास नको. दोहोंपैकीं कोणतेंही उत्तर येवो, तें आणणाऱ्यांत मराठवाड्याचें एखादें लेकरूं असावें, एवढीच आमची इच्छा आहे. आणि त्याची तयारी गच्चीवरच्या त्या पहिल्या प्रश्नास आपण काय उत्तर देतों, येथूनच सुरू होते.